न पाहता मान्य

तीन सॉफ्टवेअर, इमारत एकच, आणि आकडे तीन. जुन्यानं शून्य सांगितलं, दुसऱ्यानं चौदा आणि तिसऱ्यानं सहाशे अकरा. सकाळचे साडेदहा झाले होते, लाईट गेलेली, इन्व्हर्टर मघापासून कुरकुरत होता, आणि पुण्यात भागवत सरांना दुपारी चार वाजता माझा तक्ता हवा होता. ‘फार काही नको, पल्लवी. एका पानाचा तक्ता. वेग, अचूकता, वापरायला सोपं की अवघड. आणि शेवटी एक ओळ, कोणतं घ्यायचं.’ एक ओळ म्हणे. आठ दिवस मी वाशीमच्या घरी वरच्या खोलीत बसून एकाच इमारतीवर तीन सॉफ्टवेअर चालवत होते आणि आठ दिवस ती तिन्ही मला वेगवेगळं सांगत होती, आणि ह्याची एक ओळ करायची. इमारतही मीच निवडली होती. इथलंच, पुसद रस्त्यावरचं मुलींचं वसतिगृह. दोन वर्षांपूर्वी बांधून झालेलं, दोनशे मुली राहतात. कंपनीतलं सगळ्यात स्वच्छ मॉडेल म्हणून ते सगळीकडे दाखवलं जायचं, कारण त्यात शून्य क्लॅश होते, आणि ते शून्य मी आणलेलं होतं. आपलंच लाडकं मूल परीक्षेला बसवावं तसं मी ते बसवलं. म्हटलं, निदान उत्तर तरी ठाऊक आहे.

माझं काम काय, हे घरच्यांना सांगता सांगता सात वर्षं गेली. इमारत बांधायच्या आधी ती पूर्ण संगणकात उभी करतात. एक जण बीम-कॉलम काढतो, दुसरा पाण्याचे पाईप, तिसरा विजेच्या तारा. हे तिघं एकमेकांशी बोलत नाहीत. मग मी तिन्ही एकावर एक ठेवते, आणि एकाच जागेवर दोन वस्तू आल्या की सॉफ्टवेअर तिथे लाल करतं. तो क्लॅश. ऐकायला सोपं आहे. पण सॉफ्टवेअरला अक्कल नसते. नळाचा पाईप भिंतीतून गेला तरी ते लाल करतं. अरे बाबा, पाईप भिंतीतूनच जाणार, भोक पाडतील की. असे शेकडो फालतू लाल ठिपके एकेक करून पाहायचे आणि ‘मान्य’ म्हणून शिक्का मारायचा. शिक्का मारला की तो ठिपका दिसेनासा होतो आणि मोजणीतूनही जातो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माझे सगळे शिक्के होते, म्हणून शून्य. दुसऱ्यात ते शिक्के मी फाईलमधून भरले होते, चौदा भरले गेले नाहीत, म्हणून चौदा. तिसरं कोणाचेच शिक्के घेत नव्हतं. दोन दिवस मी त्याच्याशी झगडले, त्यांच्या मदतकेंद्राला तीन मेल पाठवले, तिकडून कुणीतरी फार गोड भाषेत कळवलं की ही सोय सध्या नाही. मी तक्त्यात ‘जुने निर्णय स्वीकारत नाही’ असं लिहून त्याचे दोन गुण कापले. राग आला होता. मी एकदा बसून ठरवलेलं हे कोण पुन्हा विचारणार?

आणि मग नुसता वेळ जावा म्हणून, लाईट येईपर्यंत, मी त्या सहाशे अकरांची यादी वरून पाहायला लागले. तिसऱ्यानं ती आपल्या मनानं लावली होती, गंभीर आधी, किरकोळ नंतर. सातव्या ओळीवर थांबले. ‘भिंतीखाली जमीन नाही.’ एवढंच लिहिलं होतं. हसू आलं, मग चित्र उघडलं. दुसरा मजला, पूर्वेकडचा व्हरांडा. एक भिंत, नऊशे मिलिमीटर उंच, दोन कॉलमच्या मध्ये, वर स्लॅबला चिकटलेली आणि खाली काही नाही. हवेत. आणि तिच्यातून आरपार, कॉलमपासून हातभर अंतरावर, आग विझवण्याच्या पाण्याचा चार इंची पाईप. मी चित्र फिरवलं, खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं. हवेत लटकणारी भिंत जगात कुठे नसते. ते बीम होतं. हरीओमनं, आमच्या बीम-कॉलमवाल्यानं, ते सॉफ्टवेअरमधल्या भिंत काढायच्या हत्यारानं काढलं होतं, कारण ते उंचीला फार मोठं होतं आणि तसं पटकन काढून होतं. सगळेच करतात. दिसायला तेच दिसतं. फक्त माझ्या यादीत ते ‘भिंती’ या नावाखाली आलं, आणि भिंतीतून पाईप म्हणजे मान्य. आणि ते मान्य मी केलेलं होतं.

मी ते मान्य केलं तो दिवस मला आठवायला लागू नये इतका साधा होता. कुणी गेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, माझं मन कुठे गुंतलेलं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही राहिलं असतं. शुक्रवार होता, बाराला मीटिंग होती, पडद्यावर चारशे अठरा क्लॅश होते आणि मला भूक लागली होती. चारशे अठराच्या चारशे अठरा ‘भिंत आणि पाईप’. पहिले वीसेक पाहिले, सगळे फालतू. मग पहिल्यावर क्लिक, शेवटच्यावर शिफ्ट दाबून क्लिक, सगळी यादी निळी झाली, आणि मान्य. आकडा शून्य झाला तेव्हा मला किती छान वाटलं होतं हे आजही आठवतं. मीटिंगमध्ये भागवत सर म्हणाले, ‘झीरो. याला म्हणतात काम.’ मी कॅमेऱ्यात हसले होते. नंतर खाली जाऊन आईच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ला.

आणि फोन. फोन मी विसरले होते, किंवा विसरले आहे असं मला वाटत होतं. त्यानंतर चार महिन्यांनी साईटवरून मोहनसिंगचा फोन आला होता. मोहनसिंग म्हणजे पाईपवाला, इथलाच, माझ्या वडिलांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. म्हणाला, ‘मॅडम, इथं बीम आडवं येऊन राह्यलं. पाईपले रस्ता नाई.’ मी अनसिंग गावची नात, वाशीमची पोर, मला काय वऱ्हाडी येत नव्हती? पण त्या दिवशी मी त्याच्याशी पुण्याची भाषा बोलले. ‘दादा, मॉडेलमध्ये शून्य क्लॅश आहेत. तिथे बीम नाहीये, भिंत आहे. ड्रॉइंगप्रमाणे करा.’ तो म्हणाला, ‘भिंत?’ मी म्हटलं, ‘हो, भिंत.’ तो म्हणाला, ‘बरं.’ मी फोन ठेवला आणि शेजारच्या चॅटमध्ये कुणालातरी लिहिलं की साईटवरच्या लोकांना बीम आणि भिंत कळत नाही. हसणारे चेहरे आले, तीन की चार. माणूस काँक्रीटला हात लावून सांगत होता आणि मी पडदा पाहून त्याला भिंत सांगत होते. आता त्याचं ते ‘बरं’ आठवून मला बसवेना. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, तो पाईप अजून तिथंच होता.

मग डोकं आपोआप कामाला लागलं, आणि कशाच्या कामाला, तर सुटकेच्या. चूक हरीओमची. बीम भिंतीच्या हत्यारानं काढायला त्याला कुणी सांगितलं? शिवाय इमारत दोन वर्षं उभी आहे. शिवाय मोहनसिंगनं काहीतरी केलंच असेल, ही माणसं करतातच. शिवाय तिसरं सॉफ्टवेअर आधीच दोन गुणांनी मागे आहे, तक्त्यात त्याला तिसरा नंबर दिला तर सातवी ओळ कुणी पाहणार नाही, परवा त्याचा चाचणीपुरता फुकट वापर संपेल आणि यादीही जाईल. हे सगळं मी स्वतःशी इतक्या शिस्तीत बोलले की मला माझीच किळस आली. तक्ता तयार होता. फक्त शेवटची ओळ बाकी होती.

‘जेवतं का नाई व?’ खालून बाबांनी हाक मारली. आई मावशीकडे अनसिंगला गेलेली, म्हणून बाबा स्वयंपाकात. उकंडराव, रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर. एका लहानशा स्टेशनावर एकतीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे गाड्यांची पाठ. गाडी पुढे निघून गेली की शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पाटी आणि दिवा पाहायचा, मग वहीत सही करायची, गाडी पूर्ण आली. ती पाटी दिसली नाही तर समजायचं की मधूनच डबे सुटलेत आणि मागे रुळावर उभे आहेत, आणि मागून दुसरी गाडी येतेय. लहानपणी मी त्यांच्यासोबत प्लॅटफॉर्मवर उभी राहून ती पाटी आधी कोण पाहतं याची शर्यत लावायची. मी ताटावर बसले, वरण वाढून घेतलं, आणि घास हातात तसाच धरून विचारलं.

‘बाबा, तुमी कवा न पाह्यता सही केली?’

त्यांनी भाताची कढई खाली ठेवली. मला वाटलं रागावतील. ‘दोनदा,’ ते म्हणाले.

‘दोनदा?’

‘एकबारी ताप होता, बाकावरून उठवलंच नाई. एकबारी उगाच. कंटाळा आला होता. आवाजावरून समजून घेतलं का गेली पुरी गाडी.’

‘मंग?’

‘मंग काय. आलीच होती पुरी.’ ते पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसले. ‘पन दोन्ही बारी जेवन नाई गेलं. सायकल काढली अन् रुळाच्या कडेनं पार सिग्नलपर्यंत पाहून आलो, मांगं डबा उभा हाये का म्हनून. कोनाले सांगतलं नाई.’

‘गाडी आली होती तं गेले कायले?’

‘मले कुठं मालूम होतं आली म्हनून? सही तं मीच केलती ना.’ मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाले, ‘तू काहून जेवून नाई राह्यली?’

मी ताट झाकून ठेवलं. स्कूटीवर बसून गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि मोहनसिंगला फोन लावला. नंबर अजून ‘साईट पाईप’ या नावानं होता, माणसाचं नावसुद्धा मी टाकलं नव्हतं. तो म्हणाला वसतिगृहाची टाकी त्याच्याकडेच असते, अर्ध्या तासात येतो. काहून म्हणून विचारलं नाही. बसस्टँडपाशी नेहमीची गर्दी, ऑटोवाले रस्त्याच्या मध्ये उभे राहून भांडत होते, आणि मला प्रत्येकाचा राग येत होता. समोरून येणाऱ्याला दिसत नाही का? एवढी जागा आहे, सगळ्यांना एकाच जागेवर कशाला यायचं असतं? माझ्याच इमारतीत मी आजवर एकदाही गेले नव्हते. घरापासून चार किलोमीटर. संगणकात तिच्या प्रत्येक खोलीतून फिरले होते, भिंतींतून आरपार गेले होते, स्लॅबमध्ये डोकं घालून पाईप मोजले होते, आणि तिचा रंग पिवळा आहे हे मला गेटवर पोचल्यावर कळलं.

बेबीबाई तिथल्या मावशी, मुलींचं सगळं पाहणाऱ्या. बाबांना ओळखतात. ‘जयभीम, ताई. उकंडरावची ना तू? आत ये.’ दुसऱ्या मजल्यावर नेता नेता म्हणाल्या, ‘हा व्हरांडा जरा ठेंगना झाला बघ. का बरं असा केला, कोनजाने.’ खरंच छत खाली होतं. मॉडेलपेक्षा चार-पाच इंच खाली. मला ते पायरीवरूनच कळलं, आणि का ते कळायलाही वेळ लागला नाही. पांढऱ्या चौकोनी पाट्यांचं छत, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, एका बाजूला चपलांची रांग. आणि बरोबर त्या जागी, कॉलमपासून हातभर अंतरावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एक मुलगी मांडीवर जाड पुस्तक घेऊन वाचत होती. तिनं वर पाहिलं, पाय जवळ घेतले आणि पुन्हा वाचायला लागली. मी तिच्या डोक्यावरच्या पाटीकडे पाहत उभी राहिले, इतका वेळ की तिला संकोच वाटला असावा.

मोहनसिंग शिडी घेऊन आला. केस सगळे पिकलेले. त्या मुलीला त्यानं, ‘बाई, जरा सरक,’ म्हणून उठवलं, शिडी लावली, वर चढून दोन पाट्या काढल्या आणि खाली उतरून माझ्यासाठी शिडी धरली. वर धूळ होती आणि उकाडा. मोबाईलचा दिवा लावला. बीम समोर होतं, राखाडी, मोठं, कुणीही आंधळ्यानंसुद्धा बीमच म्हटलं असतं. लाल पाईप त्याच्यातून जात नव्हता. चार ठिकाणी वळवून बीमच्या खालून नेला होता, नीट, घट्ट, आणि त्याला झाकायला छत खाली आलं होतं. आणि बीमच्या अंगावर, कॉलमजवळ, ताटलीएवढा गोल सिमेंटचा डाग.

‘हे काय हाये, दादा?’

‘तुमी म्हनल्या होत्या ना भिंत हाये.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जड गेलं. ‘मशीन लावली. एक रिंग कापल्या गेली आतली. दुसरी दिसली तसं मीच बंद केलं. म्हनलं, भिंतीत लोखंडाच्या रिंगा कोन टाकते? मंग सिमेंट भरलं अन् पाईप खालून घेतला.’

‘मंग मले सांगतलं काहून नाई?’

‘सांगतलं तं होतं,’ तो म्हणाला.

मी डागावरून बोट फिरवलं. त्याच्या खालच्या कडेपासून कॉलमच्या दिशेनं तिरपी एक चीर गेली होती, केसाएवढी. नुसती सिमेंट वाळल्याची असेल. नसेलही. हे मला कळत नाही. सात वर्षं मी बीमवर लाल-हिरवे रंग भरतेय आणि समोरची चीर वरवरची की आतली, हे मला सांगता येत नाही, त्यासाठी गणित करणारा इंजिनिअर लागतो. मी फोटो काढले, शेजारी माझं पेन धरून, म्हणजे चिरेचा अंदाज येईल. पहिले दोन फोटो हलले, पुन्हा काढले.

शिडीवर असतानाच फोन वाजला. भागवत सर. ‘तक्ता कुठाय? तीन वाजले.’ मी सांगितलं, सगळं, शिडीवरूनच. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘हे बघ, हा वेगळा विषय आहे. तक्ता सॉफ्टवेअरचा आहे ना? त्यात हे घालू नकोस. आपण आतल्या आत पाहू.’

‘कधी?’

‘पाहू गं. त्या कामाचा करार संपून दीड वर्ष झालं. आणि चीर बारीक आहे म्हणतेस ना? शिवाय शिक्का तुझा आहे, पल्लवी. मी तुझ्या भल्याचं सांगतोय.’

‘शिक्का माझाच आहे,’ मी म्हटलं, ‘म्हणून तर.’ आणि फोन ठेवला. वाईट माणूस नाही तो. दोन तासांपूर्वी मी स्वतःला हेच सांगत होते, याच शब्दांत.

खाली उतरून जिन्याच्या पायरीवर बसले, लॅपटॉप उघडला, मोबाईलचं नेट जोडलं. जुन्या फाईलमध्ये तो क्लॅश शोधला. चारशे अठरांमधला दोनशे सहावा. त्याच्यावरचं ‘मान्य’ काढून ‘नवीन’ केलं, जबाबदार कोण या रकान्यात माझं नाव घातलं, फोटो जोडले. वर कोपऱ्यात शून्याचा एक झाला. मग तक्त्यात तिसऱ्याचे कापलेले दोन गुण परत दिले आणि शेवटची ओळ लिहिली: ‘तिसरं घ्यावं. पहिल्या दोघांनी माझं ऐकलं, त्यामुळे हे सापडलं नाही. मी हे न पाहता मान्य केलं होतं.’ पाठवताना फक्त सरांना पाठवलं नाही. वसतिगृहाच्या संस्थेला पाठवलं, बीमचं गणित केलेल्या इंजिनिअरला पाठवलं, हरीओमला पाठवलं. मजकूर जाताना नेट अडकलं, ते गोल चक्र फिरत राहिलं, आणि मला वाटलं की आता हे थांबलं तर मी पुन्हा पाठवणार नाही. गेलं. इंजिनिअरला फोनही केला. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो, तोवर त्या भागाखाली कुणाला बसू देऊ नका आणि वरच्या खोलीतली कपाटं हलवा. बेबीबाईंनी एक प्रश्न न विचारता मुलींना हाका मारायला सुरुवात केली.

ती वाचणारी मुलगी अजून तिथंच होती. मोहनसिंग पाट्या बसवून बाजूला झाला तशी तिनं खुर्ची पुन्हा जागेवर आणली होती. नाव निकिता, किन्हीराजा गावची, परीक्षेची तयारी करते. मी तिला म्हटलं, ‘इथं नको बसू व.’

‘कायले? इथंच तं हवा येते, ताई.’

सांगावंच लागलं. ‘वरचं बीम खराब झालं हाये. भोक पाडलं त्याले. माह्या चुकीनं.’

तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे. पुस्तक काखेत घातलं, खुर्ची उचलली आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, नेऊन ठेवली. बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिथून मला विचारलं, ‘इथं तं चालते ना, ताई?’

अगदी साधं विचारलं होतं तिनं. मी वर पाहिलं. तिच्या डोक्यावर तशाच पांढऱ्या चौकोनी पाट्या होत्या, त्यांच्यावर पाईप होता, त्याच्यामागे काहीतरी होतं, आणि माझ्या निळ्या केलेल्या यादीत अजून चारशे सतरा ओळी होत्या. मोहनसिंग शिडी घडी करून खांद्यावर घेत होता.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘शिडी इकडं आना.’